जेवण थंडं होऊन राहिलं

आमच्या नाटकमंडळीत तालमीपेक्षा चहा जास्त आणि चहापेक्षा किस्से जास्त! मी प्रॉम्प्टर. विंगेत संहिता धरून बसायचं आणि सगळं ऐकायचं, त्यामुळे माझ्याकडे तर पोतंभर जमलेत. पण हल्ली कुणीही सुरुवात केली तरी गाडी त्या पिक्चरवरच येते. मग हसता हसता कुणीतरी चष्मा पुसायला लागतं.

*

दिनकरभाऊ म्हणजे आमचा हुकमी आवाज. त्यांना माइक लागायचाच नाही.

काटोलला प्रयोग होता, हॉल बसस्टँडला अगदी लागून. शेवटच्या अंकात मुलगा घर सोडून निघतो आणि बाप झालेले दिनकरभाऊ गरजतात, "थांब!"

बाहेर करकचून ब्रेक लागला. एसटीचा ड्रायव्हर हॉलच्या दारात येऊन विचारतो, "काहून थांबवलं गा?"

त्यांच्या बायकोची, शोभावहिनींची, तक्रार वेगळीच. "हे घरात 'मीठ कमी आहे' म्हणते, तं शेजारीण मीठ घेऊन येते!"

*

मग तो पिक्चर आला. कोळसा माफिया, खून, मुंबईचा नावाजलेला डायरेक्टर आणि शूटिंग आपल्या सावनेरला! पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर आपली भाषा येणार म्हणून सगळं नागपूर हवेत होतं. आम्ही तर होतोच.

दिनकरभाऊंना एक सीन मिळाला. ट्रकचं वजन करणाऱ्या काट्यावरचा म्हातारा मुनीम. खुनाचा तपास करणारा तरुण इन्स्पेक्टर तिथे येतो, आणि त्याचा जीव वाचावा म्हणून मुनीम त्याला घालवून देतो. कागदावर वाक्य होतं, "साहेब, निघा इथून."

दिनकरभाऊ डायरेक्टरला म्हणाले, "आमच्याकडे असं नाई हाकलत गा. जेवणाची आठवण करून देते."

आणि त्यांनी म्हणून दाखवलं, "घरी जाय गा बापू. जेवण थंडं होऊन राहिलं."

म्हणे, डायरेक्टरने उठून मिठी मारली. त्या मिठीचा किस्सा आम्ही पुढे महिनाभर ऐकला, रोज थोडा वाढवून!

*

भाऊंच्या खिशात खर्ऱ्याची पुडी कायम असायची. तंबाखू-सुपारी घोटलेला तो खर्रा सोडा म्हणून मी किती भांडले असेन. उत्तर ठरलेलं, "मशीनले ऑइल लागते वं, मीना!"

शूटिंग संपलं आणि आवाज बसला. आधी म्हणाले कोळशाची धूळ, मग म्हणाले एसीची हवा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, गळ्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, माणूस वाचला. स्वरयंत्र गेलं.

तरी गडी तालमीला यायचाच. त्यांनीच नियम घालून दिला. एक टाळी म्हणजे हो, दोन टाळ्या म्हणजे नाही. नवीन पोरांच्या नशिबी दोनच टाळ्या! एकाने मला विचारलं, "काकू, भाऊ खूश आहेत ना? सारख्या टाळ्या वाजवून राहिले!" मी हसले आणि विंगेत जाऊन रडले.

*

इतक्या वर्षांची नाटकं, पण भाऊंचा आवाज कुणाकडेच धड नव्हता. आमचे दिग्दर्शक गजूभाऊ यांच्या मोबाइलमध्ये प्रयोग होते, पण त्यात पंख्याची घरघर आणि लोकांचा खोकला. जिवंत आवाज जपून ठेवावा, हे कुणाला सुचतं?

शोभावहिनी मात्र निवांत होत्या. "पिक्चरात आहे नं त्यायचा आवाज. मले तेवढा पुरे."

*

पहिल्या दिवशी आम्ही सगळे थेटरात. वहिनी ठेवणीतली साडी नेसून भाऊंच्या शेजारी, वहिनींच्या दुसऱ्या बाजूला मी.

पिक्चर सुरू झाला आणि दहा मिनिटांत लोक मोबाइल बघायला लागले. इन्स्पेक्टर झालेला हीरो दर वाक्याला 'काहून' म्हणत होता, प्रश्न नसला तरी! खुनी कोण ते इंटरव्हलला समोशाच्या रांगेत सगळ्यांना पाठ होतं. कोळशाच्या डेपोत व्हिलनचा शर्ट पांढराशुभ्र. गजूभाऊ म्हणाले, "सावनेरले इतका पांढरा शर्ट दुकानातही नाई भेटत!"

आम्ही हसलो. आमचं काय जात होतं? आम्ही एका वाक्यासाठी आलो होतो.

आणि भाऊ आले पडद्यावर. काटा, धूळ, तो थकलेला चेहरा. काय दिसले! ओठ हलले, आणि आत भलताच कुणीतरी बोलला. पातळ, गुळगुळीत आवाज, "घरी जाऽय गाऽ बापूऽ", जसं काही आमची नक्कल करतोय.

वहिनींनी माझा हात धरला. "हा कोण वं, मीना?"

 तेवढ्यात अंधारात भाऊंनी दोन टाळ्या वाजवल्या.

नाही.

मागच्यांना वाटलं, कुणीतरी दाद देतंय. त्यांनीही वाजवल्या. बघता बघता सगळं थेटर टाळ्या वाजवायला लागलं. त्या अख्ख्या पिक्चरला मिळालेल्या त्या एवढ्याच टाळ्या.

*

गजूभाऊंनी मुंबईला फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी नम्र होता. "सर, ते डबिंगला येऊ शकत नव्हते ना. आणि लोकेशनच्या साउंडमध्ये ट्रक होते."

"मंग तो ट्रकवाला आवाजच द्या आम्हाले!"

"सर, ते ठेवत नाही आपण."

मला पिक्चर पडल्याचं वाईट वाटत नाही. पिक्चर पडतातच. पण या उत्तराचा राग अजून जात नाही.

*

परवा तो पिक्चर टीव्हीवर होता. मनीषनगरला भाऊंच्या घरी आम्ही जमलो होतो. मी म्हटलं, दुसरं काहीतरी लावा. वहिनी ऐकेनात. काट्याचा सीन आला तशी त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

गजूभाऊ म्हणाले, "वहिनी, आता काय ऐकू येईल?"

"चूप बसा गा. ऐकू द्या मले."

 पडद्यावर भाऊंचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. सीन संपला. खुर्चीतल्या भाऊंनी मान वळवून बायकोकडे पाहिलं, भुवया उंचावून.

शोभावहिनींनी एक टाळी वाजवली.