खंडेनवमीचं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ती म्हणेल, देवाच्या कुंकवाशी असलं कुणी करतं का? — करतं. मी केलंय.

राहात्याजवळ एका बड्या मालकाचं छोटं विमान होतं. मी भिंगारचा, तिथला मेकॅनिक. माझ्या वर हेड मेकॅनिक नाना — तिसगावचे, साठीला टेकलेले. मला काम शिकवलं ते त्यांनीच. विमान उतरताना सगळा दणका चाकावरचा पाय खातो. त्याला आम्ही स्ट्रट म्हणतो. आत तेल आणि गॅस, खाली चकचकीत दांडा. तो दांडा नाना रोज तेलाच्या फडक्यानं पुसायचे. कण जरी राहिला तरी आतलं रबरी सील कापतं, तेल गळतं आणि विमान एका अंगाला बसतं.

आता त्यांनी काय केलं ते ऐका. माझं लग्न ठरत आलं होतं. मुलीचे मामा चौकशीला थेट हँगरवर आले — आपल्याकडे येतातच की. आम्ही सांगितलं होतं, मुलगा इंजिनिअर आहे. हो, फुगवून सांगितलं होतं. कोण नाही सांगत? नानांनी मामांना चहा पाजला आणि चारचौघांत म्हणाले, "इंजिनेर कसला वो पाव्हणं! दांड्यात हवा भरतंय नुसतं!" सगळे खो खो हसले. मीही हसलो. सोयरीक मोडली. नानांना ती चेष्टा वाटली असेल, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी वाट बघत राहिलो. वर्ष गेलं. खंडेनवमी आली. नाना दरवर्षी हत्यारांची पूजा करायचे, विमानाचीही — पंख्याला हार, टायरला हळदकुंकू. दांड्याला मात्र बोट लावायचे नाहीत. त्या दुपारी ते प्रसाद वाटायला बाहेर गेले आणि मी... मी ताटातलं चिमूटभर कुंकू घेतलं, त्यात खालची माती कालवली आणि दांड्यावर, पार सीलच्या कडेच्या फटीत चोळली — फडकं पोचत नाही तिथं. वाईट वाटलं का? अजिबात नाही. उलट गार वाटलं.

त्यानंतर विमानानं फेऱ्या केल्या. आत माणसं बसलेली असायची — मला ठाऊक होतं. तरी गप्प बसलो.

मग एका सकाळी विमान एका बाजूला कललेलं दिसलं. खाली तेलाचं थारोळं, सीलच्या कडेला तेलाबरोबर बाहेर आलेला लाल चिखल. मालकांनी एवढंच विचारलं, "पूजा कोणी केली?"

नानांनी वाकून त्या लालीवर बोट फिरवलं. मला वाटलं, आता म्हणतील, मी दांड्याला लावत नाही. भांडतील. मी तयारीत होतो. पण ते म्हणाले, "माज्याच हातून सांडलं आसंल, सायेब. दिसलं न्हाई मला."

त्यांना त्याच दिवशी काढलं. त्यांची जागा मला मिळाली.

मागच्या महिन्यात तिसगावच्या बाजारात दिसले. आपल्या स्कूटरचा साधा प्लग काढायचं काम त्यांनी गॅरेजवाल्याला दिलं होतं आणि स्वतः हात मागं बांधून उभे होते. मला बघून म्हणाले, "आता माजाच माज्या हातावर इस्वास न्हाई, लेका."

मी वळलो, चालू लागलो. आणि खरं सांगतो — मला बरं वाटलं.