बिनलायसनी आवाज

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर एकही कधी पटला नाही. माझी नोकरी रेडिओची लायसन्स तपासायची. आवाज आला म्हणजे कुठेतरी माणूस, माईक आणि तार असणारच, एवढंच मी शिकलो होतो. तरी हे लिहितोय... कारण ते ऐकणारे आता आम्ही दोघंच उरलोय.

आणीबाणीचं दुसरं वर्ष. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. वडीगोद्रीच्या आसपास दुपारी एकच्या सुमाराला, रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीत एक माणूस बोलायचा — "उद्या वरच्या वस्तीवर गाडी येऊन राह्यली. गड्यांनो, रानात निघून जा."

गाडी म्हणजे नसबंदीची. ती पोचायची तेव्हा वस्तीवर बाया आणि म्हातारेच सापडायचे. वरून मला हुकूम आला, विनापरवाना ट्रान्समीटर शोधा.

संशय भीमरावावर आला. बौद्धवाड्यातला, चोवीस वर्षांचा, रस्त्याकडेच्या टपरीत रेडिओ दुरुस्त करायचा. लग्न ठरलेलं. आम्ही टपरीचे पत्रेसुद्धा उचकटले, काही मिळालं नाही. तरी त्याला विश्रामगृहावर आणून बसवला. माझ्यासोबतच्या हवालदारानं पट्टा काढला आणि त्याच्या बोटांवर मारायला लागला.

"कुठं ठिवलं मशीन?"

"साहेब, माझ्याजवळ बिलकुल न्हाई."

एक वाजला. मी टेबलावरचा रेडिओ लावला. हा इथे बसलाय म्हणजे आज आवाज येणार नाही, मग केस पक्की... असा माझा हिशेब. थोडी खरखर झाली, आणि भीमरावाचाच आवाज आला.

"आज गाडी कुठंच जाणार न्हाई. आज मला एकट्यालाच नेऊन राह्यलेत."

समोर भीमरावाचे ओठ मिटलेले होते. तो रेडिओकडे बघत होता. हवालदाराचा हात थांबला.

"म्या तर हितं हाय, साहेब," भीमराव हळूच म्हणाला. "तुमच्या डोळ्यांपुढं. आता तरी सोडा."

सोडायला हवं होतं. पण मग आवाज कुणाचा, हे वर काय कळवणार? मी रेडिओ बंद केला आणि अहवालात लिहिलं — आवाज ओळखला, संशयिताचाच आहे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तासाभरात नसबंदीची गाडी त्याला घेऊन गेली. पुढे लग्न मोडलं.

आवाज पुन्हा आला नाही. पुढच्या आठवड्यात वस्तीवरचे गडी गाडीला घरीच सापडले.

टेप असेल, असं मी मनाला पुष्कळ समजावलं. पण त्याला गाडीत घालायचं आमचंही तोवर ठरलं नव्हतं. मग ते बोललं कोण?

रिटायर झाल्यावर एकदा बदनापूर स्टेशनवर भीमराव भेटला. केस पांढरे, बोटं वाकडी. हवालदार वारला, हे त्यालाही ठाऊक होतं.

"साहेब, त्या दिवशी तुमीबी ऐकल्तं न्हवं?" त्यानं विचारलं. "माय मरेस्तोवर म्हणायची, तूच बोलला असशील, म्हणून तुला नेलं. तुमी ऐकलं एवढं सांगा, बस."

मी म्हटलं, "मला काही आठवत नाही."