शेवटच्या पानावरचं ‘ऐकलं’

नगराळे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते. हातातली चिठ्ठी बोटाला तशीच चिकटून राहिली, ती थेट संध्याकाळी निघाली. सरांच्या घरी पांढरकवड्याला जाऊन आले, नंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही गेले. रडणं आता ओसरलं असं वाटत असतानाच, तीन आठवड्यांनी, सरांच्या मुलाचा म्हणजे प्रशांतदादांचा फोन आला. “सोनल, बाबांची फाइल आवरत होतो. त्यांच्या गाठीच्या रिपोर्टमागे त्यांच्याच अक्षरात ‘ऐकलं’ असं लिहिलंय, खाली सही आणि तारीख. पण त्यांना तर आपण काही सांगितलंच नव्हतं ना?” मी म्हटलं, “दादा, समोर येऊन सांगते.” ते जे सांगायचं होतं, तेच इथे लिहिते आहे.

सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांची पुस्तकी मराठी फक्त फळ्यापुरती. वर्गाकडे तोंड वळवलं की अस्सल वऱ्हाडी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला चार क्रेडिटचा संशोधन प्रकल्प होता, एका प्राध्यापकाच्या हाताखाली करायचा. पोरं हुशार, लवकर सही करतो तो गाइड चांगला असा त्यांचा साधा हिशोब. त्या यादीत नगराळे सर सगळ्यात खाली. मी त्यांच्याकडे गेले ते काही निष्ठेपोटी नाही... बाकी सगळ्यांच्या जागा भरल्या होत्या म्हणून गेले. सरांनी विषय दिला, झरी जामणी तालुक्यातल्या एका गावच्या पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड. जादा फ्लोराइडनं लहान मुलांचे दात तपकिरी पडतात, हाडं दुखतात. गावातले हातपंप आणि ओढ्यापलीकडची जुनी विहीर, सगळ्यांचे नमुने मी आणले. तपासताना मी भराभर थेंब सोडायचे, तर सर शेजारी उभे राहून म्हणायचे, “घाई कायची हाय? एक एक थेंब सोड. पाणी काही पळून नाही राह्यलं.” एकच तपासणी त्यांनी मला चार-चारदा करायला लावली, आणि मनातल्या मनात मी त्यांना पुष्कळ नावं ठेवली. पण आज कारखान्यात माझ्या आकड्यावर कोणी शंका घेत नाही, ती त्याच चार-चार वेळांची कृपा.

प्रकल्प टाइप झाला, बाइंडिंग झालं, सोनेरी अक्षरांत नाव आलं. दुसऱ्या दिवशी जमा करायची शेवटची तारीख होती. सही घ्यायला गेले तर सरांनी मधलं काही न पाहता शेवटचं पान उघडलं.

“हे कोरं काहून?”

“सर, निष्कर्ष झाले, संदर्भ झाले...”

“ज्यायचं पाणी आणलं, त्यायले सांगतलं का?”

“सर, उद्या शेवटची तारीख आहे.”

“मंग उद्या जाऊ.”

मला रडूच फुटलं. क्रेडिट गेलं तर वर्ष लटकणार, घरी वडिलांना काय तोंड दाखवू? सर शांतपणे खिडकीतली प्रयोगाची भांडी पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं त्या गावी गेलो. हातपंपाजवळ राहणाऱ्या भीमाबाईंच्या अंगणात बायका जमल्या. मी निष्कर्ष वाचायला लागले, तर ते कोणाला कळेनात. सरांनी माझ्या हातातून अहवाल काढून घेतला. “आता सांग.” मी चाचरत सांगितलं की हातपंपाचं पाणी लेकरांना देऊ नका, ओढ्यापलीकडच्या विहिरीचं चांगलं आहे. भीमाबाईंनी विचारलं,

“हे तुले कवा समजलं?”

“तीन आठवडे झाले, मावशी.”

“मंग इतके दिवस काय करून राह्यली होती?”

मी मजकुराच्या कडा सरळ करून घेत होते, सोनेरी अक्षरं निवडत होते. तेवढे दिवस त्यांचा नातू तेच पाणी पीत होता. सर काही माझ्या मदतीला आले नाहीत. निघताना त्यांनी शेवटच्या पानावर माझ्याकडून ‘ऐकलं’ असं लिहून घेतलं, त्याखाली बायकांनी सह्या केल्या, अंगठे उमटवले. कॉलेजच्या ऑफिसात सरांनी स्वतः भांडून प्रकल्प एक दिवस उशिरा जमा करून घेतला. क्रेडिट मिळालं, पण श्रेणी एक पायरी खाली आली. “उशिराचे मार्क कापले,” सर म्हणाले. “कॉलेजले उशीर झाला म्हणून नाही, गावाले झाला म्हणून.” तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या तीन वर्षांत मला मिळालेली सगळ्यात खरी श्रेणी तीच.

सर निवृत्त झाले, आणि मग ही गाठ निघाली. तपासणी यवतमाळला होती, म्हणून रिपोर्ट मी आणायचा असं ठरलं. रिपोर्ट वाईट निघाला, तेव्हा दादा पुण्याहून फोनवर म्हणाले, “बाबांना सांगू नकोस, ते खचतील.” मी हो म्हटलं. पांढरकवड्याला पोचल्यावर सरांना ठरल्याप्रमाणे सांगितलं, रिपोर्ट अजून यायचाय. सरांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

“सोनल, पाणी कोणाचं हाय?”

ज्याचं पाणी त्याला आधी सांगायचं, हा त्यांचाच नियम; मग मात्र माझ्याच्यानं खोटं बोलवेना. मी वाचून दाखवलं, जड शब्द सोडून, जसं त्या अंगणात सांगायला शिकले होते तसं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सरांनी दोनच प्रश्न विचारले, मग कागद उलटा करून त्यावर लिहिलं, सही केली आणि काकूंना म्हणाले, “चहा टाक बाप्पा.” निघताना मला थांबवलं. “प्रशांतले नको सांगू, मले मालूम हाय म्हणून. खचंल तो.”

जन्मभर पाळलेला नियम सरांनी तेवढ्या एका माणसासाठी मोडला. शेवटचे दोन महिने बाप मुलाला सांभाळत होता, मुलगा बापाला, आणि दोघंही फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होते. या एका गोष्टीसाठी मी सरांवर अजून रागावलेली आहे. मी त्यांचं ऐकायला नको होतं.

इथवरचा लेख वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवण्याआधी पांढरकवड्याला नेला. सरांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोर बसून काकूंना आणि दादांना वाचून दाखवला. हा परिच्छेद तेवढा नंतर जोडला आहे. दादा म्हणाले, “तू शब्द दिला होतास मला.” मी म्हटलं, “हो, आणि मोडला.” काकू उठल्या, त्यांनी सरांचं पेन आणलं, माझ्या कागदाच्या मागे ‘ऐकलं’ लिहिलं, सही केली आणि पेन दादांच्या हातात दिलं. दादांनीही लिहिलं, सही केली, तारीख घातली. पेनाचं टोपण लावता लावता ते थांबले आणि ‘ऐकलं’च्या शेजारी आणखी एक शब्द लिहिला, ‘उशिरा’.