ॲव्हरेज किती देते?

गाडी घ्यायचं ठरलेल्या घरात गाडीच्या आधी किस्से येतात. त्यांना डाउन पेमेंट लागत नाही आणि पार्किंगला जागाही लागत नाही! आमच्याकडे तर गाडी दारात यायच्या आत किश्श्यांनी घराचा पुढचा सोपा भरला होता.

आमचं घर वडगावात. मागच्या खोलीत दोन माग चालतात. दर आठवड्याला साड्यांचा गठ्ठा बाइकला बांधून हे निपाणीच्या दुकानांत पोचवतात. गेल्या ऊस हंगामात संकेश्वरजवळ रस्त्यावर सांडलेल्या उसावरून यांची बाइक घसरली. खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण तेव्हापासून हे निपाणीला गेले की मला घरात बसवत नाही. फाटकाशी जायचं, हायवेच्या दिशेनं बघायचं, आत यायचं, पुन्हा फाटकाशी.

म्हणून मीच म्हटलं, चारचाकी घेऊ या. आमच्या लेकीनं, पल्लवीनं, लगेच मोबाइलवर एक छोटी सेडान शोधून काढली. दिसायला एकदम स्पोर्टी आणि पेट्रोलला हलकी. यांचा मात्र एकच प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?"

*

हा प्रश्न कुणाला आणि कधी विचारावा, याला काही धरबंध राहिला नाही.

उचगावला एका लग्नाला गेलो होतो. फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी नेमकी तीच, आम्ही बघत होतो ती! वरात जरा थांबली, तसे हे खिडकीशी गेले.

"नवरदेव, ॲव्हरेज किती देते हो?"

नवरदेव मुंडावळ्या सावरत म्हणाला, "लई चांगलं देते, काका. बावीसच्या खाली येत न्हाय."

शेजारी मान खाली घालून बसलेली नवरी हळूच म्हणाली, "एसी लावला न्हाय तर, काका. कणकुंबीच्या चढाला पार कमी होतंय."

मुलीची आई गाडीला हात लावून उभी होती. ती वाकली आणि म्हणाली, "कणकुंबीला कधी गेलतीस गं तू?"

बँडवाले शहाणे! त्यांनी तेवढ्यात जोरात वाजवायला सुरुवात केली.

*

शोरूममध्ये पल्लवी खुशीत होती. सेल्समन पोरगा तिच्याहून खुशीत.

"सर, हे स्पोर्ट मोडचं बटण. दाबलं की गाडी अशी उसळी मारते!"

यांनी बटणाकडे नीट बघितलं. "आणि उसळी मारू नये म्हणून काय दाबायचं?"

"सर, मग... दाबायचंच नाही."

"ह्येच बरं हाय," हे म्हणाले. पल्लवीनं कपाळाला हात लावला.

*

दुसऱ्या खेपेला हे साड्यांचे गठ्ठे घेऊनच शोरूमला गेले. डिकीत किती मावतात ते डोळ्यांनी बघायचं होतं. गठ्ठे आत घातले, बाहेर काढले, आडवे लावून पाहिले. या उलथापालथीत एक गठ्ठा सुटला आणि साड्या डिकीवर पसरल्या.

झालं! काउंटरवरच्या मुली उठून आल्या. गाडी बघायला आलेल्या एका बाई नवऱ्याला तिथंच सोडून आमच्याकडे आल्या. "ह्या काठात हिरवा हाय काय हो?" थोड्या वेळानं गाड्यांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मॅनेजर आले. "साहेब, तुम्ही गाडी घ्यायला आलाय की साड्या विकायला?"

हे म्हणाले, "सर, तुमच्या मिसेसना कुठला रंग आवडतो?"

मॅनेजरनी मोरपंखी घेतली! गाडी मात्र त्या दिवशीही आमची झाली नाही.

*

माझा भाऊ कागलला असतो, म्हणजे राज्याच्या हद्दीच्या पलीकडे. त्याचा फोन आला. "आक्का, माझ्या पत्त्यावर पासिंग करू. एमएच नंबर झकास दिसतोय!" इकडे शेजारचे बसूअण्णा म्हणाले, "राहता इथं, तर नंबर इथलाच पाहिजे, केए. उगीच लफडं कशाला?" दोघांची फोनवरच जुंपली. सीमेवरनं गडबड झाली की कुठली गाडी कुठं अडवतात, इथपर्यंत बोलणं गेलं.

आमच्या सासूबाई सगळं ऐकत शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "अरं, नंबर कुठलाबी लावा. बंद पडली तर ढकलायला दोन्हीकडची माणसं येतील एवढं बघा म्हंजे झालं!"

गाडी केए नंबरची घ्यायची ठरली. म्हणजे कधी घेतली तर!

*

सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना बसता येतं की नाही ते बघायचं म्हणून सेल्समननं डेमो गाडी आमच्या गल्लीत आणली. उंच गाड्यांत त्यांना चढवत नव्हतं. या गाडीत त्या आरामात बसल्या. पण सीट एवढी खाली की उठता येईना! आम्ही हात धरून ओढतोय, त्या हसतायत, सेल्समन घामाघूम.

आवाज ऐकून समोरच्या शांताक्का बाहेर आल्या. गाडी बघितली, आत बसलेल्या सासूबाई बघितल्या आणि धावत घरात गेल्या. बाहेर आल्या त्या आरतीचं ताट घेऊनच. आम्ही तोंड उघडायच्या आत बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि चाकापुढं नारळ, फाट्!

"काकू, ही डेमोची गाडी आहे!" पोरगा रडायचाच बाकी.

शांताक्का म्हणाल्या, "मग काय झालं? डेमोलाबी देव लागतोयच की!"

खोबरं त्यालाच पहिलं दिलं.

*

एवढं होऊनही यांचं आपलं चालूच. रात्री जेवताना पुन्हा म्हणाले, "हायवेला बावीस म्हणतात. गावात किती देईल कुणास ठाऊक."

मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, "सगळ्यांच्या गाड्यांची चौकशी करता. तुम्ही निपाणीला गेलात की माझं काय होतं, ते एकदा तरी विचारलंत?"

पल्लवी ताटात बघत राहिली. यांनी भाकरी संपवली, हात धुतला, फाटकाशी जाऊन थोडा वेळ हायवेकडे तोंड करून उभे राहिले.

सकाळी चहाच्या आधी शोरूमला फोन. "व्हय, मीच. कुठला रंग लवकर मिळतोय तो द्या."

*

आता शेवटचा किस्सा. हा मी स्वतः पाहिलेला नाही, गाडीत पुढच्या सीटवर होते तरी! पल्लवीनं सांगितला तसा सांगते.

निपाणीची पहिली फेरी. डिकीत साड्या, पुढे आम्ही दोघं, मागे पल्लवी. हे पूर्वी टेम्पो चालवायचे, त्यामुळे हात बसलेला. माल पोचवून परत निघालो. संकेश्वर जवळ आलं तशी यांनी गाडी अगदी हळू केली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या भरलेला, गाणी लावलेला. तो चक्क आम्हाला मागे टाकून पुढे गेला! ड्रायव्हरनं जाता जाता वाकून विचारलं, "काय मामा, पेट्रोल संपलं काय?"

पल्लवीला राहवेना. "आप्पा! ट्रॅक्टर पुढं गेला हो! दाबा की ते स्पोर्टचं बटण!"

हे हळूच म्हणाले, "गप गं. तुझी आई झोपलीया."