सखूबाईंचा विजेचा दिवा

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या फिरत्या वहीत माझ्यासारखीने लिहावे हे धाडसच आहे, क्षमा असावी.

अकोल्याच्या डोंगरावर जंगलाचे राखणदार भिकोबा आणि त्यांच्या पत्नी सखूबाई झोपडीत राहतात. सखूबाईंना होणाऱ्या नातवासाठी दुपटे शिवायचे आहे. दिवसा रानातल्या कामातून सवड नाही आणि संध्याकाळी सुई ओवली जात नाही. दोष त्या चिमणीच्या मिणमिणत्या उजेडाला देतात.

म्हणून आज मी माझ्या दादाबरोबर तिथे गेले आणि त्याने छपरावर वाऱ्याने फिरणारे पाते बसवून त्याला जुन्या मोटारीचा डायनामो जोडला. तिन्हीसांजेला झोपडीत विजेचा दिवा लागला. सखूबाईंनी त्याला हात जोडले आणि लगेच सुई घेतली.

पाच वेळा प्रयत्न केला. दोरा बाजूनेच जात राहिला. मला तर त्याच उजेडात भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसत होती.

भिकोबा हळूच म्हणाले, "आज वारा पडलाय गं, म्हनून उजेड कमी हाय."

छपरावर पाते घोंघावत होते. सखूबाईंनी ते क्षणभर ऐकले. मग सुई भिकोबांच्या हाती देत म्हणाल्या, "व्हय. मंग वारा येईस्तवर तुमीच ववा."

मी दोरा पुढे केला. तुम्ही खरे सांगितले असते का?

वही पुढे धाडली: मंगळवार, १२ नोव्हेंबर १९४६, रात्री ८ वाजून ४० मिनिटे.