एकाच जागेवरच्या लेंड्या

चार पाय आणि डोक्यावर काहीतरी दिसलं की आमच्याकडे सगळं हरीणच. रोही, म्हणजे नीलगाय, तीही हरीण, काळवीटही हरीण. महागावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना मी यावरून इतकं डोकं फोडलं, की पोरं मागून मलाच हरीण म्हणायची. चितळ-सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. ती खरी हरणं. काळवीट, चौशिंगा यांची शिंगं जन्मभर टिकतात. ती गाई-बकऱ्यांची भावकी. मादीला शिंगंच नसली तर कवटी बघा, दात बघा. आणि कवटीही हाताशी नसली तर?

बायको गेल्यावर हा प्रश्न माझ्या एकट्याच्या वाट्याला आला. गावामागच्या डोंगरावर भेकर आहे, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. एकदा फिरायला गेलो असताना तिला ते ऐकू आलं होतं, मला नाही. इकडे आता भेकर उरलं नाही, असं बाकी सगळे म्हणायचे. ती खरी ठरावी, एवढंच मला हवं होतं. त्या रिकाम्या घरात सकाळी उठायला दुसरं कारणही नव्हतं.

वनखात्याची परवानगी काढली. सोबतीला एक वनरक्षक बाई मिळाल्या. सागाच्या गळलेल्या पानांत एका जागी आम्हाला लेंड्यांचा ढीग सापडला. खाली जुन्या, पांढरट. वर ताज्या, काळ्या. जेव्हा जावं तेव्हा नव्या पडलेल्या असायच्या, कधी जाड, कधी बारीक. मी ठरवूनच टाकलं, कुटुंब आहे. नर, मादी, पिल्लू. हातमोजे घालून बाटल्या भरताना मी उत्साहानं सांगत सुटायचो, की चितळाची गुणसूत्रं सहासष्ट आणि भेकराच्या मादीची फक्त सहा!

"सर, दुकान टाकता काय लेंड्यायचं?" बाई हसायच्या. "अन् सहाच असतीन तं इथंच मोजून टाका ना."

गुणसूत्रं मोजायला जिवंत पेशी लागतात, ते लेंडीतून जमत नाही. पण लेंडीला बाहेरून आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यांतून डीएनए निघतो. माझा एक जुना विद्यार्थी प्रयोगशाळेत आहे, त्याच्याकडे बाटल्या पाठवल्या. हिवाळा सरता सरता त्याचा फोन आला.

"सर, भेकर नाही. चौशिंगा आहे."

मग तो चाचरत पुढे म्हणाला, "आणि सर, सगळ्या बाटल्यांत एकच जनावर आहे. एकच मादी."

"परत तपासलंस?"

"तपासलं, सर."

चौशिंगा ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. तो वास मागे राहतो आणि त्याच्या जातीतल्या दुसऱ्याला कळतं, की इथं कोणीतरी आहे. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. तरी तो ढीग बघून मला भरलेलं घरच दिसलं, कारण मला तेच बघायचं होतं. बायको खोटी पडली याचं वाईट वाटलंच. पण त्या दिवशी जितकं एकटं वाटलं, तितकं ती गेली त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घरात पाहुणे होते.

बाईंना सांगायला म्हणून डोंगरावर गेलो. ढिगावर नव्या लेंड्या होत्या.

"किती हायत म्हने, सर?" त्यांनी विचारलं. गावात त्यांनी कळप म्हणून सांगून ठेवलं होतं.

"एकच."

बाईंनी काठीनं ढिगावरची पानं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मंग थे रोज कोनासाठी येते इथं?"

नमुने घेणं तर संपलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच गेलो.