दिवस भरायचे होते

८ मे, गुरुवार. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. पहाटेच अंगाला चिकचिक. दुपारी तापलं.

मी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. केडगावहून निघायचं आणि चौफुला, पारगाव, न्हावरे, तळेगाव करत पहिल्या शिफ्टच्या बायकांना शिक्रापूरला गेटवर सोडायचं. रोज रात्री वहीत दोन-चार ओळी लिहितो. आधी हवा, मग गाडीत काय झालं ते. गाडीत किस्से कसे साठतात हे मला अजून कळलेलं नाही. झाडू मारला की सीटखाली पिना सापडतात, बडीशेपेच्या पुड्या सापडतात, एकदा तर जोडवं सापडलं. कोणाचं म्हणून विचारलं की कोणी पुढं येत नाही. किस्स्यांचंही तसंच. मी ते ठेवून देतो.

*

गाडीवर नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एक बाई उतरताना म्हणाली, "मामा, उद्यापासनं मला ब्रेक हाय." मला वाटलं, गाडीच्या ब्रेकची तक्रार आहे. मी म्हणालो, कालच लायनर बदललेत, काळजी करू नका.

मागं सगळी गाडी हसली. मग शकुमावशींनी समजावलं. या मावशी कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटतात, गाडीत सगळ्यांत थोरल्या आणि तोंडानं सगळ्यांत मोकळ्या. ठेक्यावरच्या बायकांना ठेकेदार काही महिन्यांनी घरी बसवतो आणि मग नव्यानं भरती करतो. म्हणजे कोणी कायम व्हायला नको. त्या घरी बसण्याला ब्रेक म्हणतात.

"मामा, तुमचा ब्रेक लागला की गाडी थांबती," मावशी म्हणाल्या. "आमचा लागला की चूल."

*

मागच्या उन्हाळ्यात गाडीत बातमी आली की लेकरू सांभाळायला घरी राहिलं तर सरकार बाईला पगार देतं. कोणी म्हणालं फोनवर आलंय, कोणी म्हणालं निवडणुकीपुरतं असेल. शकुमावशी उठून उभ्याच राहिल्या. त्यांना चार लेकरं. चौघांचा मिळून मागचा फरक एकदम मिळेल का, की हप्त्यानं, असं त्यांनी विचारलं. मग पुढं न्हावऱ्यापर्यंत त्या फरकात कोण काय घेणार याचीच चर्चा. मावशींनी स्वतःसाठी एक कूलर घेतला.

हसली नाही ती एकटी वैशाली. ती पॅकिंगला होती, केडगावची, लग्नाला दोन वर्षं झालेली. उतरताना माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "मामा, ते खरं हाय का बघा ना कुणाला इचारून."

मी विचारलं. निम्मं खरं निघालं. ज्यांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जातात त्यांना बाळंतपणात सहा महिने घरी राहून पगाराएवढे पैसे मिळतात. अट एकच, त्याआधी कामाचे ठरावीक दिवस भरलेले पाहिजेत. वैशालीच्या पगारातून पैसे कापले जात होते. पण ती नवीन होती, दिवस भरायचे होते.

आणि तिला दिवस गेलेले होते.

*

इथून पुढं सगळी गाडी एका कामाला लागली. पोट दिसलं की ठेकेदार ब्रेक देतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रेक लागला की दिवस भरत नाहीत. म्हणून वैशालीचं पोट दिसू द्यायचं नव्हतं. मोठ्या मापाचा युनिफॉर्म आला. ठेकेदाराचा सुपरवायझर हजेरीला गाडीत चढला की चार बायका आपापल्या पिशव्या तिच्या मांडीवर ठेवायच्या. तो एकदा म्हणालाही, "या ताईंना तुम्ही हमाल केलंय का?"

तिसऱ्या महिन्यात बायकांनी गाडीतच तिची चोरओटी भरली. गावाला कळायच्या आत घरातल्या बायका गुपचूप भरतात ती चोरओटी. शकुमावशी म्हणाल्या, "मामा, आरसा वर करा. पुरुषमाणसानं बघायचं न्हाई." मी मागचं दाखवणारा आरसा छताकडं वळवला. पारगावच्या पुलावर वळण घेतलं आणि ओटीतला नारळ घरंगळत पुढं आला तो थेट माझ्या ब्रेकखाली.

"बघा," मावशी म्हणाल्या, "लेकरू आत्तापासनंच ब्रेक अडवतंय."

*

सातव्या महिन्यात खरं तर डोहाळजेवण. दारात रांगोळी, पाट, फुलांचे दागिने. वैशालीचं तेही चोरून झालं, पुन्हा गाडीतच, पुन्हा आरसा छताकडं. कोणी ओल्या शेंगा उकडून आणल्या, कोणी पुरणाच्या पोळ्या. केसांत शेवंतीची वेणी घातली, ती तळेगाव आल्यावर काढून डब्यात ठेवली. गेटवर वैशाली उतरली ती रोजच्यासारखी.

शकुमावशींना जावयानं नुकताच मोठा फोन दिला होता. फोटो काढायला शिकल्या होत्या, स्टेटस ठेवायलाही. त्या रात्री त्यांनी वेणीतल्या वैशालीचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली नातीकडून लिहून घेतलं होतं, "आमच्या वैशूचं चोरून डोहाळजेवण, सातवा महिना. कोणाला सांगू नका."

सकाळपर्यंत सगळ्यांनी तो पाहिला होता. सुपरवायझरनं खाली दोन जोडलेले हात पाठवले होते.

*

सुपरवायझर रागावला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवलंय. तो पेढे घेऊन आला. म्हणाला, ताई, अशा दिवसांत उभ्यानं काम बरं नाही, आता आराम करा. आणि त्याच दिवशी ब्रेक दिला.

वैशाली नवऱ्याला, नितीनला, घेऊन विम्याच्या ऑफिसला गेली. तिथला माणूस चांगला होता, असं ती सांगते. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, दोनदा तपासून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, ठेकेदारानं कागदावर कमीच दिवस दाखवलेत, थोडक्यात राहिलं. दिवस भरत नाहीत."

वैशाली म्हणाली, "साहेब, माझे तर भरत आले."

*

नितीन टेम्पो चालवतो, दुसऱ्याचा. भाडं असेल तेव्हा पैसे. तो एकदा चौफुल्यावर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, मामा, ती कामावर गेली आणि मी घरी राहून पोरगं सांभाळलं, तर बापाला सरकार काही देतं का? मी म्हणालो, आपल्यासारख्यांसाठी तसं काही माझ्या तरी ऐकण्यात नाही. तो म्हणाला, पैशाचं सोडा, पण आळीतली पोरं आत्ताच विचारायला लागलीत, साडी कोणत्या रंगाची घेऊ म्हणून.

गाडीत हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, बायका हसतील. एकीनंही हसून दाखवलं नाही. शकुमावशी तेवढ्या म्हणाल्या, "बाप घरी बसला तर त्याला बेकार म्हणत्यात. आई बसली तर तिला म्हणत्यात, बसलीय घरी. लेकराला सांभाळलं असं कुणालाच म्हणत न्हाईत."

*

संक्रांत झाली आणि वैशालीला मुलगी झाली. होळी झाली आणि वैशाली परत गाडीत आली. नवी भरती, नवं कार्ड. मुलगी सासूजवळ.

पहिल्या दिवशी ती शकुमावशींच्या शेजारी बसली. फोटोच्या दिवसापासून मावशी गाडीत फारसं बोलत नव्हत्या. फोनही घरी ठेवून यायच्या. पारगाव मागं पडलं. शेवटी मावशीच म्हणाल्या, "वैशे, बोल की मला काहीतरी. चार शिव्या दे."

"मावशी," वैशाली म्हणाली, "मला लई झोप आलीय."

आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मावशी न्हावऱ्यापर्यंत हलल्या नाहीत.

*

दुसऱ्या दिवसापासून गाडी तळेगावच्या अलीकडं थांबायला लागली. तिथं रस्त्याच्या कडेला कडुलिंब आहे. एकदा लाइनवर उभं राहिलं की चहाच्या सुट्टीपर्यंत हलता येत नाही, आणि वैशालीचा युनिफॉर्म दुधानं भिजायचा. म्हणून आधीच गाडीत बायका ओढण्या धरून आडोसा करायच्या, मावशी तांब्या धरायच्या आणि वैशाली दूध पिळून काढायची. मी आरसा छताकडं वळवून बोनेटकडं बघत बसायचो. मग मावशी खाली उतरून ते दूध लिंबाच्या बुडाशी ओतायच्या. अंगावरचं दूध पायदळी जाऊ नये म्हणतात. ओतून झालं की झाडाला हात लावून पुन्हा चढायच्या.

गाडीला रोज उशीर होऊ लागला. गेटवर कारण सांगावं लागतं. मी रोज एकच सांगायचो, उसाची ट्रॉली आडवी आली. एप्रिल निम्मा सरल्यावर कंपनीच्या ऑफिसातल्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "मामा, साखर कारखाने बंद होऊन किती दिवस झाले. ही ट्रॉली कुठली?"

मी म्हणालो, "साहेब, मागं राहिलेली."

त्यांनी उशिराचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, राहू द्या, जा.

*

काल बुधवार. तळेगावच्या अलीकडं मी नेहमीसारखी गाडी कडेला घेतली, आरसा वर केला. मागं बायका उठल्या, ओढण्या सुटल्याचा आवाज आला. मावशींच्या पिशवीतला तांब्या वाजला.

खिडकीजवळून वैशालीचा आवाज आला.

"मामा, चला," ती म्हणाली.

मी मागं न बघता विचारलं, "का गं? बरं वाटत न्हाई का?"

"बरं हाय. तीन दिवस झाले, घरीपण कमीच येत व्हतं."

"मग काढ की थोडं," मावशी म्हणाल्या.

"न्हाई मावशी. आता येत न्हाई."

मी आरसा खाली घेतला. बायकांनी ओढण्या खाली केल्या आणि आपापल्या जागी बसल्या. मावशी तांब्या धरून मधल्या वाटेत उभ्याच राहिल्या. मी गियर टाकला.

गाडी गेटवर वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचली.